नाव शेवटी, पेन्सिलीने

३ तारीख

घशाच्या डॉक्टरने आज माझ्या तोंडात आधी आरसा घातला, मग दिवा घातला आणि शेवटी निकाल दिला. "स्वरतंतूंवर गाठी आहेत. तीस दिवस एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही."

चाळीस वर्षं अन्यायावर धडाडलेल्या तोफेला तुम्ही एका चिठ्ठीने गप्प करणार का, असं मी विचारणार होतो. "चा" म्हणेपर्यंत त्याने माझ्या ओठांवर हात ठेवला. "आतापासूनच."

बाहेर ही बसली होती. डॉक्टरने तिला सांगितलं तेव्हा तिने डोळे मिटले आणि हात जोडले. बिचारीला फार मोठा धक्का बसला असावा.

घरी चिरंजीवांनी विचारलं, "पूर्ण तीस दिवस? मधे सुट्टी वगैरे नाही ना?" काळजी चेहऱ्यावर मावत नव्हती. सूनबाईंनी माळ्यावरून चिरंजीवांची लहानपणची पाटी काढली, दोरा ओवला आणि माझ्या गळ्यात अडकवली. खिशात खडू आहे. अशा अवस्थेत मी क्रांती करणार!

पुढच्या महिन्याच्या ५ तारखेला चौकातल्या काळ्या चौथऱ्याला साठ वर्षं होतात आणि मुख्य वक्ता मी आहे. मौन पाळलं तर बोलता येईल, मोडलं तर आवाज कायमचा फाटेल, असं डॉक्टर म्हणतो. पाळीन. त्या चौथऱ्यासाठी मी काहीही करीन.

४ तारीख

बोलता येत नाही म्हणून लिहितो आहे. चौथऱ्याबद्दल लिहितो, म्हणजे हात मोकळा होईल.

एकसंध काळा दगड. कमरेएवढा उंच, दोन माणसं ऐसपैस उभी राहतील एवढा रुंद. साठ वर्षांपूर्वी गावातल्या हमालांनी आणि गवंड्यांनी तो वर्गणी काढून आणला, आणि समोरच्या कडेवर तीन शब्द कोरले : "इथे कोणीही बोलावं." वीस वर्षांपूर्वी रस्ता रुंद करायला तो उखडणार होते. तेव्हा मी त्याच्यावर उभा राहून सलग तीन तास बोललो. "हा ग्रॅनाइट आहे! पृथ्वीच्या पोटातल्या आगीतून जन्मलेला! याच्या अंगावरच्या या पांढऱ्या खुणा पाहा, या त्या आगीच्या गोठलेल्या ठिणग्या आहेत!" रस्ता वळवावा लागला. ते भाषण 'काळा ग्रॅनाइट' या नावाने पुस्तिका होऊन निघालं. तिच्या पाच आवृत्त्या झाल्या.

मी जिथे उभा राहतो तिथे दगडाला पावलांचा खळगा पडला आहे. ग्रॅनाइटला खळगा! वक्तृत्वाला याहून मोठं प्रमाणपत्र कुठलं?

आणि ही. प्रत्येक भाषणाला माझ्यासाठी लिंबूपाणी आणते. पूर्वी पेला चौथऱ्याच्या कोपऱ्यावर ठेवून समोर जाऊन बसायची. गेली बारा वर्षं मात्र पेला खालीच ठेवत नाही. दोन तास चाललं तरी हातात धरून शेजारी उभी असते. इतकी निष्ठा मी कार्यकर्त्यांतही पाहिलेली नाही.

६ तारीख

विहीणबाई, म्हणजे सूनबाईंच्या आई, महिनाभर राहायला आल्या. त्यांच्या घरातल्या फरश्या उखडल्या आहेत. सोबत दोन पत्र्याच्या ट्रंका. चिरंजीवांनी एक उचलायला घेतली आणि जमिनीवर बसले.

"आई, यात काय दगड भरलेत का?"

"हो," विहीणबाई म्हणाल्या.

खरंच दगड होते, साठ. विहीणबाई बत्तीस वर्षं कॉलेजात खडकांच्या प्रयोगशाळेत सहायक होत्या. आता तो विभागच बंद झाला. नमुने फेकून देणार होते, ते त्यांनी घरी आणले. चिठ्ठ्या कसरीने खाल्ल्या आहेत, त्यामुळे कुठला दगड कुठला ते कुणालाच माहीत नाही. सगळ्यांना पुन्हा नावं लावून महिनाअखेर मुलींच्या शाळेला द्यायचे आहेत.

जेवताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "व्याहीबुवा, तुम्हांला बोलायचं नाही आणि दगडांना बोलता येत नाही. एका टेबलावर बसायला दोघांचीही हरकत नसावी."

सगळे हसले. मी पाटीवर लिहिलं : "मी खडकांवर पुस्तक लिहिलं आहे." विहीणबाईंनी ते वाचलं, पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाल्या, "हो, वाचलंय मी."

एवढंच. कौतुकाचा एक शब्द नाही. बाई अबोल आहेत.

८ तारीख

कामाला लागलो. विहीणबाईंची एक वही आहे, रकाने आखलेली. रंग. दाणे दिसतात का, केवढे. थर आहेत का. भोकं आहेत का. नखाने ओरखडा उठतो का, तांब्याच्या नाण्याने, चाकूने. दगडाने काच ओरखडते का. फरशीच्या खडबडीत पाठीवर ओढला तर रेघ कुठल्या रंगाची उमटते. सौम्य आम्लाचा थेंब टाकला तर फसफसतो का. हे सगळं भरायचं, आणि सगळ्यांत शेवटी एक बारीक रकाना : नाव.

"नाव शेवटी," त्या म्हणाल्या, "आणि पेन्सिलीने."

मी पाटीवर विचारलं : "पेन्सिलीने का?"

"खोडता यावं म्हणून."

ज्याने आयुष्यात एक वाक्य मागे घेतलेलं नाही त्याला हे सांगत होत्या! मी फाउंटन पेन काढलं. अर्ध्या तासात दहा दगड संपवले.

विहीणबाईंनी चष्मा लावून वही पाहिली. "दहातले सात ग्रॅनाइट? माझ्याकडे एकच होता."

मी पाटीवर लिहिलं : "तो दबून राहिला असेल."

"आणि चार नंबरच्या दगडापुढे काठिण्याच्या रकान्यात हे काय लिहिलंय? 'करारी'?"

मी मान डोलावली. दगड खरोखरच करारी दिसतो.

"नखाने खरवडून पाहिलात?"

नव्हता पाहिला. त्यांनी नख ओढलं, पांढरी भुकटी पडली. चार नंबर जिप्सम निघाला. खडू त्याचाही होतो म्हणे. म्हणजे माझ्या खिशातला खडू त्याचाच भाऊ.

९ तारीख

आज एकच दगड घेतला पण तब्येतीत घेतला. ट्रेमधला, नंबर नसलेला. राखाडी, जड, पोटात लहानमोठे गोटे आणि वाळू घट्ट धरून ठेवलेली. पाहताच अंगावर काटा आला. दोन पानं लिहिली. "कुठल्या तरी प्राचीन नदीने आपली लेकरं कुशीत घेऊन..." अशी सुरुवात होती. शेवट तर असा जमला की स्वतःच दोनदा वाचला.

विहीणबाईंनी शांतपणे पूर्ण वाचलं. "सुरेख लिहिलंय. हे माझ्या स्वयंपाकघरातल्या फरशीखालचं काँक्रीट आहे. मीच ठेवलं होतं ट्रेमध्ये."

ही आतून ओरडली, "काय झालं हो?" विहीणबाईंनी सांगितलं. त्यानंतर स्वयंपाकघरातून किती वेळ आवाज येत होता! बहुधा भांडी पडली असावीत.

"तुम्ही बघून नाव ठेवता की नाव ठेवून बघता, ते तपासायचं होतं," विहीणबाई मला म्हणाल्या.

हा सरळसरळ सापळा होता. मी निषेधाचा ठराव पाटीवर लिहायला घेतला, पण पाटी फार लहान आहे.

१२ तारीख

खडक ओळखण्याचे आणखी दोन प्रकार शिकलो. मातीच्या जातीच्या दगडावर तोंडाने वाफ सोडली की पहिल्या सरीनंतर येतो तसा ओल्या मातीचा वास येतो. आणि सैंधव ओळखायचा तर जीभ लावून.

सकाळी खिडकीत बसून एकेका दगडावर हाः हाः करत होतो. (बोलण्यात हे येत नाही, मी डॉक्टरला चिठ्ठीने विचारलं.) शेजारीण गच्चीतून बघत होती. मग वीस ते तीस नंबर ओळीने चाटले. ही चहा घेऊन आली, थबकली आणि म्हणाली, "सोबत बिस्किट देऊ, की भागलं तुमचं?"

सव्वीस नंबर सैंधव आहे. पेन्सिलीने लिहिलं. पेन कुठे गेलं कुणास ठाऊक, विहीणबाईंनी वही तपासल्यापासून सापडत नाही.

घरात अलीकडे एक विचित्र गोष्ट घडते आहे. संध्याकाळी सगळे माझ्याच खोलीत येऊन बसतात. चिरंजीव ऑफिसातल्या कटकटी सांगतात. सूनबाई आपल्या मैत्रिणीचं भांडण सांगतात. काल चिरंजीव तासभर बोलले आणि उठताना म्हणाले, "बाबा, किती बरं वाटलं." माझ्या भाषणांशिवाय घर सुनं झालं आहे, म्हणून ते स्वतःच बोलून पोकळी भरून काढताहेत. मला भरून आलं.

१५ तारीख

आज टेबलावर दगड ठेवायला जागा नव्हती म्हणून विहीणबाईंनी माझ्या गळ्यातली पाटी पुढे ओढली. "एकसष्ट नंबर समजा. लिहा."

मी वैतागून भरत गेलो. रंग काळसर. दाणे दिसत नाहीत. थर पातळ, कडेला पापुद्रे सुटतात. चाकूने ओरखडा उठतो. टिचकी मारली की टणत्कार. आम्लाला दाद नाही. नावाच्या रकान्याशी आलो आणि हात थांबला. हाही दगडच! बारा दिवस गळ्यात घालून फिरतो आहे, त्याच्यावर दगडांबद्दल लिहितो आहे, आणि तो दगड आहे हे ध्यानात आलं नव्हतं.

"गाळाचा चिखल होता आधी," विहीणबाई म्हणाल्या, "मग खाली दाबला गेला, तापला, न बोलता पाटी झाला."

'न बोलता' हे शब्द त्यांनी उगाच घातले असं मला वाटत नाही.

पण कबूल करतो, आज मजा आली. नाव माहीत नसताना बघत राहण्यात एक निराळीच धाकधूक आहे. भाषणात मला शेवट आधी माहीत असतो.

१७ तारीख

नगरपालिकेचे अभियंता घरी आले. साठाव्या वर्षाच्या निमित्ताने चौथरा धुवावा, असा अर्ज मीच दोन महिन्यांपूर्वी दिला होता. कबुतरांचे डाग, पत्रकांची खळ, चाळीस वर्षांची काजळी. तो अर्ज मंजूर झाला! २६ तारखेला सकाळी आम्ल टाकून ब्रशने घासणार. दगड आरशासारखा होईल, असं ठेकेदार म्हणतो.

"ग्रॅनाइट असेल तर आम्लाने काही होत नाही, असं ठेकेदाराचं म्हणणं आहे," अभियंता म्हणाले. "आपण या विषयातले जाणकार. एक सही हवी होती."

मी सही केली, आणि वर स्वतःहून लिहिलं : "आम्लाला भीक न घालणारा अस्सल ग्रॅनाइट." पेन अभियंत्याचं होतं.

विहीणबाई दारात उभ्या होत्या. काही तरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात मी अभियंत्याला पुस्तिकेचं अकरावं पान काढून दाखवू लागलो. मागे वळलो तेव्हा त्या आत गेल्या होत्या.

२० तारीख

एकेचाळीस नंबर. पहिला खरा ग्रॅनाइट. भिंगातून पाहिला : गुलाबी, पांढरे, काळे दाणे, डाळीएवढे, एकमेकांत गच्च अडकलेले. चाकू घसरतो, उलट चाकूचंच लोखंड दगडावर घासून उरतं. काच कापतो. आम्लाचा थेंब वर नुसता बसून राहतो. सगळे रकाने भरून नाव लिहिलं आणि विहीणबाईंनी ते खोडलं नाही. या महिन्यात मला मिळालेली ही पहिली टाळी.

आनंदात भिंग खिशात टाकून चौकात गेलो, की आता आपल्या थोरल्या ग्रॅनाइटचे दाणे पाहू.

दाणे दिसले नाहीत.

चारी बाजूंनी पाहिलं. गुळगुळीत, सलग, काळा. ठिणग्या भिंगाखाली धरल्या. ठिणगीला पीळ आहे. पिळाच्या आत एकसारखे छोटे छोटे कप्पे आहेत, जिना उतरत जावा तसे.

काही ग्रॅनाइट फार बारीक दाण्यांचे असू शकतात. ठिणग्या गोठताना कप्पेही पडू शकतात. मी भिंग खिशात ठेवलं. पानवाला म्हणाला, "काय तोफसाहेब, काय शोधताय?" मी पाटी छातीशी धरून घराकडे वळलो.

२१ तारीख

उजाडताच गेलो. चाकू, नाणं, आम्लाची कुपी, वही. मागच्या बाजूला, खाली, जिथे कुणी बघत नाही, तिथे चाकूचं टोक हलकेच ओढलं. पांढरी रेघ उठली. दगडच खरवडला गेला होता.

मग एक थेंब टाकला.

तो फसफसला. अगदी बारीक आवाजात, जसं काही दगड मला काही तरी सांगतो आहे आणि चाळीस वर्षं त्याला मधे बोलायला जागा मिळाली नव्हती.

चाकूचं पातं पुसलं, वहीत सगळं लिहिलं. रंग काळा. दाणे दिसत नाहीत. चाकूने ओरखडा. आम्लाने फसफस. पिळदार पांढरे आकार, कप्प्यांचे. नावाच्या रकान्यात पेन्सिल टेकवून किती तरी वेळ बसलो. मग लिहिलं : चुनखडक.

गाळाचा खडक! समुद्राच्या तळाशी कणाकणाने बसलेला गाळ! आग नाही, उद्रेक नाही, काही नाही. मी चाळीस वर्षं गाळावर उभा राहून आगीच्या गोष्टी सांगतो आहे.

आणि २६ला, म्हणजे पाच दिवसांनी, त्याच्यावर आम्ल ओतणार आहेत. माझ्या सहीने.

२२ तारीख

वही विहीणबाईंपुढे ठेवली. त्यांनी पाहिली आणि परत दिली. नाव खोडलं नाही.

"ठिणग्या शंख आहेत," त्या म्हणाल्या. "समुद्रातल्या गोगलगाईंसारख्या जीवांचे. आणि ग्रॅनाइटला पावलांनी खळगा पाडायचा तर तुम्हांला अजून बरीच भाषणं लागली असती."

मी खडू आपटून लिहिलं : "तुम्हांला कधी कळलं?"

"लग्नाची बोलणी करायला आलो तेव्हा. तुम्ही आधी चौथरा दाखवायला नेलं होतंत."

"मग बोलला का नाहीत??"

"तुम्ही सव्वा तास बोललात. मी दोनदा बोट वर केलं. तुम्हांला वाटलं मी घोषणा देतेय. तुम्हीही मूठ वर केलीत."

आठवलं. त्या दिवशी मला व्याही मंडळी फार जागरूक वाटली होती.

आम्लाने काय होईल, विचारलं. त्यांनी जिना उतरावा तसं एकेक सांगितलं : आधी चकाकी जाईल. मग शंख. दोन हात फिरले की कडेवरची अक्षरं पुसली जातील.

इथे कोणीही बोलावं. ते तीन शब्द.

२३ तारीख

खरं लिहायचं तर मी आज दिवसभर असा विचार केला की गप्प बसलं तर काय बिघडतं. कुणाला कळणार आहे? अक्षरं पुसली तर ठेकेदारावर कोरडे ओढता येतील, त्यावर एक चांगलं भाषण होईल. डॉक्टरने तर मला गप्प बसायलाच सांगितलं आहे! ज्या दगडासाठी मी रस्ता वळवला त्याच्याबद्दल असा विचार केला. लाज वाटली म्हणून इथे लिहून ठेवतो. पाटीवर लिहिलं असतं तर पुसलं असतं.

२४ तारीख

नगरपालिकेत गेलो. पाटीवर घरूनच लिहून नेलं होतं : "चौथरा ग्रॅनाइट नाही. आम्ल वापरू नये."

अभियंत्यांनी वाचलं आणि दिलखुलास हसले. "तोफसाहेब, मौनातही गंमत करता!"

मी पाटी पुन्हा पुढे केली. त्यांनी फाइल उघडली. वर माझी सही, खाली माझी पुस्तिका. "पान अकरा. 'जो म्हणेल हा ग्रॅनाइट नाही, तो एक तर दगड ओळखत नाही किंवा विकला गेलेला आहे.' हे तुमचंच वाक्य. आता यापुढे कोण बोलणार?"

कारकून बाई म्हणाल्या, "साहेब, मला तर ते पान तोंडपाठ आहे," आणि म्हणूनही दाखवलं. कचेरीत टाळ्या पडल्या. माझ्याच वाक्यांना, माझ्याविरुद्ध! त्या वाक्याला उत्तर शोधत मी घरापर्यंत आलो. एवढं बिनतोड वाक्य मी कशाला लिहिलं?

२६ तारीख

क्रमाने लिहितो.

सकाळी आठला चौकात पोचलो. बरोबर विहीणबाई, ही, आणि ऑफिसला दांडी मारलेले चिरंजीव. ठेकेदाराचे दोन कामगार हातमोजे चढवत होते, आम्लाचे कॅन रांगेत होते. अभियंता, पानवाला, पन्नासेक लोक. मी थेट चौथऱ्यावर चढलो. लोकांनी सवयीने टाळ्या वाजवल्या.

पाटी वर धरली : "हा ग्रॅनाइट नाही."

मागून कुणी ओरडलं, "काय लिहिलंय? मोठ्याने वाचा!" पानवाल्याने वाचलं. मग ठेकेदार म्हणाला, "साहेब, हे म्हणताहेत 'नाही', आणि यांनीच लिहून दिलंय 'आहे'. मी कुणाचं ऐकू?"

अभियंत्यांनी पुस्तिका काढली आणि पान अकरा वाचायला घेतलं. वाचलंही चांगलं, चढउतारांसह. "आगीतून जन्मलेला!" ला लोक उसळले. मी वरून हात हलवून नाही नाही म्हणत होतो, तर त्यांना वाटलं मी विनयाने टाळ्या थांबवतो आहे. त्या अधिकच वाढल्या. माझ्या भाषणाने मला चारी मुंड्या चीत केलं. एक शब्द, फक्त एक शब्द ओरडलो असतो तर! तोंड उघडलंही. हिने खालून माझ्या धोतराचं टोक धरून ओढलं. "अहो. बोलू नका. दाखवा."

मी खाली उतरलो. एकेचाळीस नंबर खिशात होता, तो चौथऱ्याच्या मागच्या कडेवर ठेवला, आणि अभियंत्यांचा हात धरून त्यांना वाकवलं. लोकही वाकले. ग्रॅनाइटवर आम्लाचा एक थेंब टाकला. काही नाही. मग चौथऱ्यावर, खाली, कोपऱ्यात, एक थेंब.

फसफस.

"आँ?" मागचे म्हणाले. "काय झालं?" "शूः! ऐक!"

चौक गप्प झाला. चाळीस वर्षांत मी त्या चौकाला हसवलं, रडवलं, पेटवलं, पण इतकं शांत कधी केलं नव्हतं. पन्नास माणसं श्वास रोखून एका थेंबाचं ऐकत होती. ठेकेदाराने स्वतः आणखी एक टाकून पाहिला. त्याने कॅनचं झाकण लावलं आणि कामगारांना म्हणाला, "मोजे काढा रे."

अभियंत्यांनी हातातली पुस्तिका मिटली. "पण मग हा आहे तरी काय?"

मी पाटीवर लिहिलं : "चुनखडक. माझं चुकलं." अक्षर वाकडं आलं. दुसरं वाक्य मी याआधी कधी लिहिलं नव्हतं.

टाळ्या पडल्या नाहीत. पानवाला पुढे आला आणि एका ठिणगीवर बोट ठेवून विहीणबाईंना म्हणाला, "मग ताई, हे काय असेल?" त्यांनी सांगितलं. मग लोकांनी जे प्रश्न विचारायला सुरुवात केली ते अकरा वाजेपर्यंत. विहीणबाई चौथऱ्याला टेकून उत्तरं देत होत्या. भिंग हातोहात फिरत होतं. मला कुणी काही विचारलं नाही.

२७ तारीख

चौथरा काल साध्या पाण्याने आणि मऊ फडक्यांनी धुतला. ही कोपरा पुसत होती. मी जवळ गेलो तर काजळीखालून दगडात एक गोल उमटलेला दिसला. बोटाला खरखरीत लागणारा, पेल्याच्या बुडाएवढा.

मी तिच्याकडे पाहिलं.

"लिंबूपाणी," ती म्हणाली. "पेल्याचं बूड ओलं असायचं. बारा वर्षांपूर्वी दिसलं मला, दगड चरतोय ते. तेव्हापासून खाली नाही ठेवत."

मी पाटीवर लिहिलं : "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, ग्रॅनाइटला लिंबाने काही होत नाही. आणि घरी येईपर्यंत ग्रॅनाइटवरच बोललात." ती फडकं पिळत म्हणाली, "पाय फार दुखायचे हो."

बारा वर्षं. चौथ्या तारखेचं पान उघडून पाहिलं. 'इतकी निष्ठा' असं लिहिलं आहे. शाईने. नाव आधी ठेवलं होतं.

३० तारीख

साठही नमुने शाळेला पोचले. सगळी नावं पेन्सिलीची. विहीणबाईंनी निघताना माझं पेन परत केलं. "आता हरकत नाही," म्हणाल्या. मग थोडा विचार करून पेन्सिलही दिली.

२ तारीख

डॉक्टर म्हणाला, गाठी गेल्या, बोला. घरी सगळे जेवणाच्या टेबलाभोवती बसले होते. मी खुर्ची ओढली, घसा साफ केला. चिरंजीवांनी सवयीने घड्याळाकडे पाहिलं.

"तुझ्या त्या साहेबाचं पुढे काय झालं?" मी विचारलं.

त्याचा घास हातातच राहिला. मग त्याने सांगितलं. बराच वेळ सांगत होता.

५ तारीख

समारंभ झाला. तीन तासांच्या भाषणाची टिपणं घरीच ठेवली. चौथऱ्यावर चढलो, माझ्या खळग्यात पाय ठेवले आणि सांगितलं की हा दगड आगीतून आलेला नाही. शांत पाण्यात एकेक कण खाली बसला, प्रत्येकाने वरच्याचं वजन सोसलं, आणि त्यातून उभं राहायला जागा झाली. ज्यांनी आणला ते हमाल-गवंडीही असेच होते. त्यांनी कोरलं 'कोणीही', आणि मी चाळीस वर्षं ते 'मीच' असं वाचलं. एवढं बोलून थांबलो. पानवाल्याला वर बोलावलं, त्याला केव्हापासूनचं रस्त्याच्या दिव्यांबद्दल बोलायचं होतं. बरा बोलतो. हात फार हलवतो.

माझं भाषण चार मिनिटांचं झालं.

ही पेला घेऊन शेजारी उभी होती. मी बोलायला सुरुवात केली तसा तिने पेला चौथऱ्यावर ठेवला. मी दचकून पाहिलं.

"नुसतं पाणी आहे," ती हळूच म्हणाली, आणि पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर जाऊन बसली.